बाळापूरला नसलेलं दुकान

कुंदाताईला कोणी पत्ता विचारला तर ती लगेच सांगत नसे. आधी तीन प्रश्न विचारायची. काय बिघडलं? कवा पायजे? गाव कोणतं? ही तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय तिच्या तोंडून दुकानाचं नाव निघायचं नाही. माणूस घाईत असो, चिडलेला असो, नाही म्हणजे नाही. एक जण तिला म्हणाला होता, "अवो बाई, मोटर भरनाऱ्याचा पत्ता इचारला, सोयरीक नाई जुळवून रायलो." ती म्हणाली, "सोयरीक चुकली तं निभावून नेतात जी. मोटर चुकीच्या हाती गेली तं गहू जाते."

अकोल्यात जठारपेठेत तिचा पिवळा एसटीडी बूथ होता. लहानपणी पोलिओनं तिचा उजवा पाय गेला, म्हणून सरकारकडून तो बूथ मिळालेला. तिथून चार शटर सोडून माझं दुकान. मी मोटर भरणारा. विहिरीतली, बोअरमधली मोटर जळाली की जुनी तार काढून तांब्याची नवी तार भरायची, हे माझं काम. शाळा चौथीपर्यंत. लिहायचा सराव नाही, तेव्हा जसं आठवेल तसं लिहितो आहे.

दुकान उघडलं तेव्हा मी पेढे घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, "ताई, गिऱ्हाईक माह्याकडं धाडत जा." तिनं पेढा खाल्ला, हात पुसला अन् म्हणाली, "पेढा गोड हाय, उत्तमभाऊ. मोटर कशी भरता ते मले मालूम नाई. एक गिऱ्हाईक धाडते. ते वापस येईन तवा बोलू."

वापस येईन म्हणजे काय, ते मला पुढं कळलं. खेड्यावरचा माणूस मोटर घेऊन निघाला की घरी फोन करायला पुन्हा तिच्याच बूथवर यायचा. तेव्हा ती विचारायची, झालं का काम? किती दिवस लावले? बोलला तितकेच लावले का? हे सगळं तिच्या डोक्यात जमा व्हायचं. एकदा मी "उद्या देतो" सांगून चार दिवस लावले. महिनाभर तिनं माझ्याकडे एकही माणूस पाठवला नाही. मी भांडायला गेलो. ती शांतपणे म्हणाली, "उद्या म्हंजे उद्या असते भाऊ. चार दिवस लागत असन तं चार सांगा ना. लोक थांबतात. फसले का थांबत नाईत." तेव्हापासून मी दिवस खरे सांगू लागलो. लोक थांबू लागले.

माझी बायको कमल दुपारी डबा घेऊन यायची. आधी बूथवर बसायची, मग माझ्याकडे. भाकर थंड झाली म्हणून मी कुरकुरलो की म्हणायची, "तुमी तं गरमच हाये ना." दोघी एका वयाच्या, एकीला दुसरीशिवाय करमायचं नाही. कुंदाताई बौद्ध, आम्ही कुणबी. सुरुवातीला माझ्या आईनं नाक मुरडलं. कमलनं तिला सांगितलं, "आई, तुमच्या लेकाच्या दुकानात गिऱ्हाईक तेच बाई धाडते." आई पुन्हा बोलली नाही.

मग घराघरांत मोबाइल आले अन् बूथ बसला. आम्हाला वाटलं ताई आता काय करेल. तिनं त्याच पिवळ्या खोक्यात कॉम्प्युटर आणला. आधी फॉर्म भरून द्यायची, सातबारा काढून द्यायची. पुढं खेड्यातली पोरं पत्ता फोनला विचारू लागली. "जवळचा प्लंबर", "अकोल्यात मोटर दुरुस्ती" असं लिहिलं की नकाशा उघडतो अन् दुकानं दिसतात. ज्याचं नाव वर, त्याला फोन. आमच्यापैकी कोणाचं नावच त्यात नव्हतं. बायपासवरच्या नव्या दुकानांची होती.

ताई म्हणाली, "हे काई नवं नाई. माहा जुनाच बूथ हाय हा. लोक इचारतात, कोनीतरी सांगते. त्या सांगनाऱ्याले आपली खरी ओळख करून द्या लागते, बस."

ती तिच्या तीनचाकी गाडीवर एकेका दुकानी जायची. दारात उभी राहून नकाशावर खूण लावायची, पाटीचा फोटो काढायची. माझ्यासाठी तिनं एका पानाची वेबसाईट बनवली. मी ऐटीत म्हटलं, "लिहा, सबमर्सिबल रिवाइंडिंग वर्क्स."

"शेतकरी असा बोलते काय?" तिनं विचारलं. "तुमच्या दारात येऊन काय म्हनते तो?"

"म्हनते, मोटर जळाली, पानी नाई फेकून रायली."

"मंग तेच लिहू. तो फोनातबी तेच लिहीन."

तसंच लिहिलं. विहिरीतली मोटर जळाली, बोअरची मोटर पाणी फेकत नाही, भरून मिळेल, तीन दिवस लागतात, सोमवारी बंद. कोणकोणत्या गावांहून माणसं येतात, तेही मला विचारून लिहिलं. पाटीवर, पावतीवर, वेबसाईटवर, नकाशावर नाव एक, पत्ता एक, नंबर एक. पावतीवर जुना नंबर राहिला होता तर तिनं सगळं पावतीबुक मला फाडायला लावलं. काम झालेल्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "दोन शब्द लिहून द्या. गोड नाई, खरे." एकानं लिहिलं, मोटर महिन्यात पुन्हा जळाली. मला ते पुसून हवं होतं. ती म्हणाली, "पुसू नका. खाली लिहा, मोटर घेऊन या, फुकट करून देतो." मी लिहिलं. तो आला. पुढं चार जणांनी मला सांगितलं की ते उत्तर वाचूनच आम्ही तुमच्याकडे आलो.

वर्षभरात आमच्या पेठेतली दुकानं फोनात वर दिसू लागली. गजू प्लंबर, डबे देणारी रेखाताई, झेंडे अॅम्ब्युलन्सवाला, सगळे. सगळ्यांचं काम ताईच्या एका खात्यातून चालायचं. एका किल्लीचं कुलूप.

पण दिवस वाईट होते. पाऊस दगा देत होता. विहिरी दिवाळीपासूनच तळ दाखवायच्या. पेपर उघडावासा वाटत नसे. ज्या विहिरीत पाणीच नाही, तिथली मोटर भरून करायचं काय? माझ्या दुकानात मोटरी येणं कमी झालं, अन् ज्या येत त्यांच्यासाठी दुकानं वाढली. मी ताईकडे गेलो. म्हटलं, "बाळापूर, मुर्तिजापूर, दर्यापूर, इथीबी माहं दुकान हाय असं टाका. त्या भागातले लोक मलेच फोन करतीन."

तिनं चष्मा काढला. "तिथी दुकान हाय?"

"नाई. पन मी जाऊन मोटर आनीन ना."

"मंग तसं लिहू, घरून मोटर नेऊन भरून देतो म्हनून. दुकान हाय म्हनून नाई लिहत. तिथी कोनी मोटर घेऊन उभा रायला तं? नसलेल्या दुकानाची पाटी लावनारा दुकानदार नाई भाऊ, बहुरूपी हाय. बहुरूप्याले लोक धान्य देतात, मोटर देत नाईत."

मला राग आला. खोटं नाही सांगत. अपंग बाई मला धंदा शिकवते, असंही मनात आलं. हे कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

अमरावतीला राजकमल चौकाजवळ वरच्या मजल्यावर एक जण हे काम करतो असं कळलं. एसटीनं गेलो. त्याचं ऑफिस थंडगार. तो म्हणाला, "काका, आजकाल दुकान कुठं हाय ते महत्त्वाचं नाई. कुठं दिसते ते महत्त्वाचं." मला ते पटलं. त्यानं पत्ते मागितले. मी सोयऱ्यांचे दिले. बाळापूरला साळ्याचं घर, मुर्तिजापूरला व्याह्याचं, दर्यापूरला चुलतबहिणीचं. त्यानं हसत विचारलं, "तिकडं जंगलात सेमाडोहलेबी टाकून देऊ का?" मी म्हटलं, "तिथी वाघ आनीन काय मोटर भराले?" आम्ही दोघं हसलो. त्या हसण्याची आता शिसारी येते.

मग तो म्हणाला, जुन्या खात्याची किल्ली लागेल, म्हणजे पासवर्ड. ते खातं जुनं आहे, नकाशावाले त्यावर भरवसा ठेवतात.

मी दुसऱ्या दिवशी ताईला म्हटलं, "पुन्यात माह्या पुतन्याचं कॉम्प्युटरचं काम हाय. तो दुकानाचे चांगले फोटो टाकून देतो म्हनते. पासवर्ड द्या." पत्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाला तीन प्रश्न विचारणारी बाई. मला तिनं एकही विचारला नाही. चिठ्ठीवर लिहून दिला अन् म्हणाली, "चहा घेता काय?" मी चहा घेतला.

तिन्ही दुकानं फोनात उगवली. माझी स्तुती करणारे कोण कुठले लोकही उगवले. त्यातल्या एकानं हिंदीत लिहिलं होतं, जयपुर में सबसे बढ़िया सर्विस. मी जयपूर पाहिलेलं नाही. बाळापूरला माझा साळा तर फुगला. शेजाऱ्यांना फोन दाखवायचा, "पाय, माह्या घराचं नाव नकाशात आलं." चार-पाच महिने फोन वाढले. कोणी बाळापूरहून बोललं की मी सांगायचो, आज दुकान बंद आहे, मीच येतो मोटर न्यायला. मोटरसायकलवर जायचो.

साळ्याकडूनच कमलला कळलं. तिनं मला विचारलं, "बाळापूरले दुकान कवा टाकलं तुमी?" मी सगळं सांगितलं. तिच्यापासून लपवायची मला सवय नव्हती. ती म्हणाली, "कुंदाले मालूम हाय?"

"नाई."

"तिनं किल्ली देल्ली, अन् तुमी घर उघडून देलं. जा, सांगून या. आताच्या आता."

मी म्हटलं, सांगतो. नाही सांगितलं.

चैत्रात बाळापूरकडचे सलीमभाई आले. त्यांची लिंबाची बाग. विहिरीत हातभर पाणी उरलं होतं, तेवढ्यावर झाडं जगवायची, अन् मोटर जळाली. ऑटोत मोटर टाकून ते फोनात दिसलेल्या माझ्या बाळापूरच्या दुकानी गेले. नेमका तेव्हा माझा फोन दोन दिवस बिघडून पडलेला. दोन दिवस त्यांचे तिथंच फिरण्यात गेले, तेव्हा कुठं जठारपेठ सापडली. मला म्हणाले, "भाई, वहाँ तो एक बाई पापड सुखा रही थी. बोली, 'दुकान तं फोनातच हाय.' तुम अकोला में रहते, तो वहाँ कौन रहता है?"

मी मान खाली घालून म्हटलं, "साळा."

ते रागावले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. मी त्याच दिवशी मोटर भरून दिली. जाताना ते एवढंच म्हणाले, "दो दिन का प्यासा झाड़ समझता नहीं भाई, कि ग़लती किसकी है." त्यांच्या लेकानं मात्र पापडांचा फोटो काढला होता. तो नकाशावाल्यांकडे तक्रारीला गेला.

आठ दिवसांनी सकाळी उठून पाहतो तर आमची सगळीच दुकानं फोनातून गायब. माझी खोटी तीन अन् एक खरं, आणि त्यांच्यासोबत गजूचं, रेखाताईचं, झेंड्याची अॅम्ब्युलन्स. खात्यातून खोटी दुकानं टाकली म्हणून अख्खं खातंच बंद केलं होतं.

बूथसमोर माणसं जमली. रेखाताई रडत होती, नुकत्याच मोठ्या कॉलेजच्या पोरांनी तिचे डबे लावायला सुरुवात केली होती. गजू ओरडला, "ताई, तुमच्या खात्यातून हे खोटं कोनं टाकलं? बाळापूर, मुर्तिजापूर. नाव तं उत्तमभाऊचं होतं."

सगळे माझ्याकडे वळले. कमल माझ्या मागं उभी होती. ताई खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत होती. तेव्हा मी म्हणालो, "माहं सगळं ताईच पायते. मले फोनातलं काय कयते?"

एवढंच बोललो. शब्द मोजके होते, पण पुरेसे होते. गजू ताईकडे वळला. "म्हंजे तुमीच टाकले."

ती म्हणाली, "खातं माहं हाय. किल्ली माह्या हातून गेली. चूक माही."

"कोनाच्या हाती गेली?"

"ज्याच्या हाती देल्ली, त्यानं काय केलं ते मी पायलं नाई. न पायलेलं मी सांगत नाई."

"घ्या!" झेंडे म्हणाला. "आता नाव सांगाले तोंड नाई." लोक हसले. मीही तोंड पुसल्यासारखं केलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे.

उन्हाळाभर ती गाडीवर एकेका दुकानी गेली. पुन्हा फोटो, पुन्हा पाट्या, पुन्हा अर्ज. बहुतेकांची दुकानं तिनं परत आणून दिली. माझंही आणलं, जठारपेठेतलं खरं. पण परत आल्यावर एकेकानं आपलं काम तिच्याकडून काढून घेतलं. रस्त्यात कोणी पत्ता विचारायला बूथकडे वळला तर गजू हाक मारायचा, "तिथी नका इचारू, इकडं या." जिच्या सांगण्यावर सारी पेठ चालली, तिला पत्ता विचारायचा नाही असं ठरलं. दसऱ्यानंतर तिनं बूथ विकला अन् धाकट्या बहिणीकडे अमरावतीला निघाली.

टेम्पो भरत होता तेव्हा मी दुकानात होतो. त्या दिवशी भरायला एकही मोटर नव्हती. मी रिकामं मशीन फिरवत बसलो, आवाज यावा म्हणून. कमल गेली तिला पोचवायला. आली ती थेट घरी गेली. त्या दिवशी डबा आलाच नाही.

त्यानंतर कमल महिन्या-दोन महिन्यांनी मला म्हणायची, "अमरावती दूर नाई. जा, सांगून या." रागानं नाही. औषध घेतलं का विचारावं तसं. मी कधी म्हणायचो सणानंतर, कधी म्हणायचो गुडघा दुखतो. चार वर्षं अशी गेली. या पौषात कमल गेली. मला स्वतःच्या हातानं चहा करता येत नाही, हे त्या आठवड्यात कळलं.

तेरवीच्या आधी कुंदाताई आली. एसटीनं, काठी घेऊन. घरात बायका होत्या, त्यांच्यात बसून रडली. मग माझ्यापाशी ओसरीवर येऊन बसली. मला वाटलं, आता बोलावं, नाहीतर कधीच नाही. म्हटलं, "ताई, ते पासवर्डचं. तो पुतन्या नव्हता."

"मालूम हाय," ती म्हणाली.

"अंदाज असन तुमाले."

"अंदाज नाई. कमलवयनीनं सांगतलं. त्याच दिवशी, लोक गेल्यावर. माहे पाय धरत होती, मी धरू देल्ले नाई."

कमल मला चार वर्षं सांगत होती, जा, सांगून या. तिनं स्वतः तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"मंग मले काहून नाई बोलली ते? काहून धाडत रायली?"

"आमी दोघी वाट पायत होतो, भाऊ," ताई म्हणाली. "फोनवर ते दरवेळी म्हने, येतीन कुंदा, माहा मानूस वंगाळ नाई, भेकड हाय. येतीन."

मी रडलो. तिनं रडू दिलं. मी म्हटलं, "मले माफ करा."

"माफी वयनीनं मांगितली, मीनं वयनीले देल्ली. तुमचं माह्याशी काई नाई उरलं. ज्याइच्यापुढं तुमी तसं बोलले, त्याइले जाऊन सांगा. मले पेठेत लोक अजून फसवी म्हनतात. माही बहीन अकोल्याच्या बजारात आली तं तिले आयकाले येते."

मी हो म्हटलं. अन् पुन्हा दोन महिने काढले. गजूच्या दुकानावरून जायचो, पाय पुढं निघून जायचे. मग अमरावतीहून तिच्या बहिणीचा फोन आला, ताई झोपेत गेली. मातीला गेलो. तिथून आलो अन् स्टँडवरून घरी गेलोच नाही, सरळ गजूकडे गेलो. सगळं सांगितलं. चिठ्ठी, अमरावतीचा माणूस, साळ्याचं घर, सगळं.

गजू म्हणाला, "जाऊ द्या ना काका. इतक्या जुन्या गोठी. मेलेल्या मानसाचं काय काढाचं."

"अरे, तिचं नाई काढून रायलो. माहं काढून रायलो."

"हो, हो. बसा, पानी घ्या."

झेंडेही तसंच बोलला. शेवटी रेखाताईकडे गेलो. तिचं आता मोठं खानावळीचं काम आहे. तिनं हातातलं काम ठेवून सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. मग माझ्यापुढं चहा ठेवला अन् मायेनं म्हणाली, "काका, तुमी काहून जीवाले लावून घेता? ताईले आमी कवाच माफ केलं."

मी म्हटलं, "माफ नका करू तिले. तिनं काई केलंच नाई."

"बरं, बरं," ती म्हणाली. बायको गेलेल्या म्हाताऱ्याला म्हणतात तसं.

तोंडी सांगून पाहिलं. ऐकत नाहीत. म्हणून हे लिहिलं. ज्यानं कुंदाताईला पाहिलं नाही, त्यानंही वाचावं. तिनं कोणालाही खोटा पत्ता सांगितला नाही. बाळापूरचं ते दुकान मी टाकलं होतं, अन् भर पेठेत तिच्यावर ढकललं तेही मीच.